बँकेचा शेअर घेण्याआधी तिच्या तरलतेचे तीन वर्षांचे आकडे कसे वाचावेत

पावसाळ्यात गंगापूर धरणातून विसर्ग सुरू झाला की नाशकात एकच प्रश्न असतो: दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत पाणी आलं? गुडघ्यापर्यंत, कमरेपर्यंत की छातीपर्यंत? क्युसेकचा आकडा ज्याला उमगत नाही त्यालाही हे उत्तर लगेच कळतं, कारण वर्षानुवर्षं तो तीच मूर्ती आणि तीच गोदावरी पाहत आलेला असतो. बँकेची तरलता, म्हणजे ठेवीदारांनी पैसे मागितले तर द्यायला हाताशी काय आहे, हेही असंच एकाच खुणेवर पुष्कळ दिवस नजर ठेवून वाचायचं असतं. निवृत्तीचे पैसे हाती आलेली माणसं एका तिमाहीच्या आकड्यावर बँकेचा शेअर उचलतात, तेव्हा मला खरंच काळजी वाटते. म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

आधी एक गोष्ट बाजूला सारा. शेअरची माहिती देणाऱ्या काही ॲपवर 'करंट रेशो' (वर्षभरात रोख होणारी मालमत्ता भागिले वर्षभरात फेडायची देणी) दिसतो. अंबड किंवा सातपूरच्या कारखान्याला तो लावा, बँकेला लावू नका. बँकेचा कच्चा माल म्हणजेच लोकांच्या ठेवी. तिथे ते गणित बसत नाही.

पहिली पायरी: बारा तिमाहींचे आकडे जमवा

बँकेच्या संकेतस्थळावर 'बासेल डिस्क्लोजर' किंवा 'रेग्युलेटरी डिस्क्लोजर' नावाचा विभाग असतो. त्यात दर तिमाहीचा एलसीआर (लिक्विडिटी कव्हरेज रेशो, म्हणजे तरलतेचं गुणोत्तर; दुसऱ्या पायरीत तो उलगडतो) मिळतो. बाकीचे आकडे निकालाच्या सादरीकरणात आणि शेअर बाजाराला दिलेल्या कागदपत्रांत सापडतात. वहीत किंवा एक्सेलमध्ये प्रत्येक तिमाहीची एक ओळ करा. रकाने हे: एलसीआर, एकूण ठेवी, सीडी रेशो (ठेवींच्या मानाने कर्जं किती), कासा ठेवींचं (चालू आणि बचत खात्यांतल्या स्वस्त ठेवींचं) प्रमाण, ठेवींवरचा खर्च, निव्वळ व्याज मार्जिन (मिळालेलं व्याज वजा दिलेलं व्याज, मालमत्तेच्या टक्केवारीत) आणि त्या दिवशीचं किंमत-पुस्तकी मूल्य गुणोत्तर (शेअरची किंमत प्रतिशेअर पुस्तकी मूल्याच्या किती पट). तुलना शक्यतो मार्चची मार्चशी आणि डिसेंबरची डिसेंबरशी करा. वर्षअखेरीला ठेवी गोळा करण्याची धावपळ असते, त्यामुळे मार्चचा आकडा आधीच्या तिमाहीशी लावला तर फसगत होते.

दुसरी पायरी: एलसीआर उलगडून पाहा

एलसीआर म्हणजे चटकन रोख करता येईल अशी मालमत्ता भागिले पुढच्या 30 दिवसांत ताणाच्या परिस्थितीत बाहेर जाऊ शकणारी निव्वळ रक्कम. रिझर्व्ह बँकेने याच्या किमान मर्यादेचा नियम 1 जानेवारी 2015 पासून 60 टक्क्यांवर लागू केला आणि 1 जानेवारी 2019 पर्यंत तो 100 टक्क्यांवर नेला. कोविडच्या काळात, एप्रिल 2020 मध्ये, तो तात्पुरता 80 टक्क्यांवर आणला होता आणि एप्रिल 2021 पासून पुन्हा 100 केला. जुन्या काळापर्यंत मागे गेलात तर हे लक्षात ठेवा.

इथे जरा थांबायला हवं, कारण खरी माहिती छेदात दडलेली असते. किरकोळ ठेवीदारांच्या स्थिर ठेवींपैकी 5 टक्के आणि कमी स्थिर ठेवींपैकी 10 टक्के रक्कम महिन्याभरात जाईल असं धरतात. कंपन्यांच्या विमा नसलेल्या ठेवींसाठी साधारणपणे 40 टक्के धरतात, आणि इतर वित्तसंस्थांकडून बिनतारण घेतलेला पैसा महिन्याभरात देय असेल तर संपूर्ण 100 टक्के. म्हणजे पिंपळगावच्या द्राक्ष बागायतदाराच्या बचत खात्यातले शंभर रुपये आणि एखाद्या फंडाने ठेवलेले शंभर रुपये बँकेसाठी सारखे नाहीत.

समजा एका काल्पनिक बँकेकडे 30,000 कोटींची तरल मालमत्ता आहे आणि निव्वळ बहिर्वाह 25,000 कोटी. एलसीआर झाला 120 टक्के. वर्षभरात मालमत्ता 33,000 कोटी झाली, पण बहिर्वाह 30,000 कोटींवर गेला. एलसीआर आला 110 वर. मालमत्ता वाढूनही गुणोत्तर घसरलं, कारण बँकेने घाऊक, चंचल ठेवी जास्त घेतल्या. अंश आणि छेद वेगवेगळे लिहिले तरच हे दिसतं.

एप्रिल 2026 पासून इंटरनेट आणि मोबाइल बँकिंगची सोय असलेल्या किरकोळ व छोट्या व्यावसायिकांच्या ठेवींवर आणखी 2.5 टक्के बहिर्वाह धरण्याचा नियम आहे. त्या तारखेच्या पलीकडच्या आणि अलीकडच्या आकड्यांमध्ये वहीत एक रेघ मारून ठेवा.

तिसरी पायरी: पातळीपेक्षा उतार बघा

स्वित्झर्लंडच्या क्रेडिट सुइसचा एलसीआर 2022 च्या तिसऱ्या तिमाहीत 192 टक्के होता आणि चौथ्या तिमाहीत 144. किमान मर्यादा 100. पातळी पाहणाऱ्याला 144 भक्कमच वाटला असता. पण ग्राहक पैसे काढून नेत होते, आणि 19 मार्च 2023 रोजी ती बँक यूबीएसच्या ताब्यात देण्याचं जाहीर झालं. आपल्याकडे येस बँकेच्या ठेवी सप्टेंबर 2019 मध्ये सुमारे 2.09 लाख कोटी होत्या आणि डिसेंबरअखेर सुमारे 1.66 लाख कोटी. 5 मार्च 2020 रोजी पैसे काढण्यावर 50,000 रुपयांची मर्यादा आली. माझा नियम सरळ आहे: सलग तीन तिमाही एलसीआर घसरत असेल आणि ठेवीही आटत असतील, तर शेअर कितीही स्वस्त दिसला तरी मी हात लावत नाही.

चौथी पायरी: सीडी रेशो शेजारी ठेवा

दिलेली कर्जं भागिले ठेवी, इतकं सोपं. पण घसरणीचं किंवा वाढीचं कारण शोधल्याशिवाय मत बनवू नका. एचडीएफसी बँकेत 1 जुलै 2023 रोजी एचडीएफसी लिमिटेड विलीन झाली. गृहकर्जं आली, त्या मानाने ठेवी फार आल्या नाहीत, आणि आधी 85 टक्क्यांच्या आसपास असलेला सीडी रेशो सुमारे 110 वर गेला. डिसेंबर 2023 तिमाहीत एलसीआरही 110 टक्क्यांच्या आसपास उतरला. निकालानंतर 17 जानेवारी 2024 रोजी शेअर एका दिवसात 8 टक्क्यांहून जास्त पडला. ठेवीदार पळाले नव्हते. बाजाराला दिसलं ते एवढंच, की आता ठेवी गोळा होईपर्यंत कर्जवाटप आवरतं घ्यावं लागेल. मार्च 2025 पर्यंत सीडी रेशो 97 च्या घरात आला. येस बँकेचा आजार आणि ही पथ्याची वेळ, दोन्ही वरवर सारखीच दिसतात. ठेवींचा रकाना त्यांना वेगळं करतो.

एक वर्षाच्या मुदतीचा विचार करणारा एनएसएफआर (बँकेकडे टिकाऊ निधी पुरेसा आहे का, हे सांगणारं गुणोत्तर) ऑक्टोबर 2021 पासून लागू आहे. तो 100 च्या वर आणि स्थिर असेल तर पुढे चला.

पाचवी पायरी: नफ्याशी आणि किमतीशी जोडा

जास्त तरलता फुकट मिळत नाही. समजा 10,000 कोटी रुपये साडेनऊ टक्क्यांच्या कर्जांऐवजी सात टक्क्यांच्या सरकारी रोख्यांत ठेवले, तर वर्षाला 250 कोटींचं व्याज कमी मिळतं. म्हणून मार्जिन वाढलं की एलसीआरच्या रकान्याकडे बघा. एलसीआर 125 वरून 112 वर आला आणि त्याच काळात मार्जिन फुगलं असेल, तर त्या नफ्यातला काही भाग राखीव साठा वापरून आलेला असू शकतो. असा साठा दरवर्षी वापरता येत नाही, त्यामुळे त्यासाठी पुस्तकी मूल्याच्या जास्त पट मी मोजणार नाही. उलट एलसीआर टिकून आहे, कासा फारसा घटलेला नाही, ठेवींवरचा खर्च इतर बँकांपेक्षा कमी वेगाने वाढतो आहे आणि तरी शेअर स्वतःच्याच जुन्या सरासरीपेक्षा कमी पटीत मिळतो आहे, तिथे मी बुडीत कर्जांचे आकडे काढून पुढचा अभ्यास सुरू करतो.

बऱ्याच खासगी बँका तिमाही संपल्यावर पहिल्या चार-पाच दिवसांतच ठेवी आणि कर्जांचे तात्पुरते आकडे शेअर बाजाराला कळवतात. जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात ते पेन्सिलने भरा, आणि पूर्ण निकाल आला की एलसीआरसह शाईने.