डॉक्टरांच्या घरच्या मंडळींचा सेवाग्रुप चालवताय? या चुका टाळा

डॉक्टरांच्या बायकांचे ग्रुप पुण्यात पेठांपासून वाकड-बाणेरपर्यंत सगळीकडे आहेत. आता लेडी डॉक्टरांचे मिस्टरही त्यात येऊ लागलेत (आले की त्यांच्याकडे माइक आणि स्पीकरची जबाबदारी जाते, ही खोड काही सुटत नाही). भिशी, हळदीकुंकू, कोजागरी, पावसाळी सहल हे सगळं अगदी झकास पार पडतं. गाडी अडते ती ‘आपण काहीतरी सामाजिक करू या’ इथून पुढे. शिबिर घेतलं म्हणजे काम झालं, असं बहुतेकांना वाटतं. माझं मत उलट आहे. शिबिर कोणीही घेऊ शकतं, त्यानंतरचा पाठपुरावा मात्र आपल्यासारख्या ग्रुपलाच जमण्यासारखा असतो आणि नेमका तोच होत नाही.

हिमोग्लोबिन तपासलं, पुढे काय?

सगळ्यात लोकप्रिय उपक्रम म्हणजे वस्तीतल्या बायकांची हिमोग्लोबिन तपासणी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. म्हणजे तपासायला बसलात तर निम्म्याहून अधिक जणींचं रक्त कमी निघण्याची शक्यता आहे, हे जायच्या आधीच ठाऊक असतं. तरीही सगळी तयारी असते ती बॅनर, खुर्च्या आणि पोह्यांची. आकडा लिहिलेली चिठ्ठी पदराच्या गाठीत बांधून बाई घरी जाते आणि विषय तिथेच संपतो.

गोळ्या दिल्या तरी त्या पोटात जातातच असं नाही. आठ-दहा दिवसांनी फोन करून बघा, संभाषण साधारण असं होतं:

“ताई, गोळ्या चालू आहेत ना?”
“चालू होत्या हो, पण शी काळी व्हायला लागली, म्हणून सोडल्या.”
“लोहाच्या गोळ्यांनी तसं होतंच, घाबरायचं काही नाही. चहाबरोबर घेत होता का?”
“मग कशाबरोबर घेणार?”

या दोन मिनिटांच्या फोनला एमबीबीएस लागत नाही. चहामुळे लोह नीट शोषलं जात नाही, गोळी लिंबूपाण्याबरोबर घ्यावी, चहा तास-दोन तासांच्या अंतराने प्यावा, एवढं सांगता आलं तरी पुरे. आकडा ८ च्या खाली असेल तर मात्र गोळ्यांवर भागवू नका. त्याच आठवड्यात तिला दवाखान्यात न्यायला कोण जाणार, हे शिबिराच्या आधीच ठरलेलं हवं.

फॉर्मवर ‘मोबाइल नंबर’ एवढाच रकाना ठेवू नका. तो नंबर बहुधा मुलाचा निघतो आणि मुलगा दिवसभर कामावर असतो. ‘हा फोन दुपारी कोणाच्या हातात असतो?’ असं विचारा आणि उत्तर त्याच रकान्यात लिहून ठेवा.

वेळही आपल्या सोयीची धरली जाते. रविवारी सकाळी दहा वाजता आपल्याला बरं पडतं, पण त्या वेळी कचरावेचक बायका दारोदार कचरा गोळा करत असतात. कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही त्यांची संघटना पुण्यात १९९३ पासून आहे. आधी तिथे विचारा आणि मगच तारीख छापा. धुण्याभांड्याचं काम करणाऱ्यांना दुपारी थोडी उसंत मिळते, हे तर आपल्या घरी येणाऱ्या मावशीच सांगतील.

डॉक्टर्स डेचं रक्तदान

१ जुलै आला की सगळ्यांना रक्तदान शिबिर सुचतं. एकाच आठवड्यात रक्ताचा ढीग जमतो, पण तो साठवून ठेवता येत नाही. प्लेटलेट साधारण ५ दिवस टिकतात, तांबड्या पेशी ३५ ते ४२ दिवस. शिवाय एकदा रक्त दिलेल्या पुरुषाला ३ महिने आणि बाईला ४ महिने थांबावं लागतं. खरी टंचाई असते ती मे महिन्यात, कॉलेजं रिकामी होतात आणि पोरं गावी जातात तेव्हा. रक्तपेढीला फोन करा, ‘तुम्हाला कधी हवंय?’ असं विचारा आणि तीच तारीख धरा. डॉक्टर्स डेला केक कापा, त्याला कोणाची हरकत नाही.

‘डॉक्टरीणबाई, ही गोळी घेऊ का?’

हा प्रश्न येतोच, आणि त्याला उत्तर द्यायचा मोह होतो तिथे चूक होते. वीस वर्षं जेवणाच्या टेबलावर केसेस ऐकल्या म्हणून आपण डॉक्टर होत नाही. क्लिनिकमधली उरलेली औषधांची सॅम्पलं वृद्धाश्रमात वाटणं हा तर धोकाच आहे. आजोबांची रक्तदाबाची गोळी चालूच असते. तीच गोळी दुसऱ्या कंपनीच्या नावाने आपण हातात ठेवतो, ते दोन्ही घेतात आणि बाथरूममध्ये चक्कर येऊन पडतात. औषध विपणनाच्या २०२४ च्या संहितेनुसार सॅम्पल फक्त औषध लिहून देण्यास पात्र व्यक्तीलाच देता येतं. त्याच संहितेत डॉक्टरांबरोबर त्यांच्या कुटुंबीयांनाही वैयक्तिक भेटवस्तू देऊ नयेत असं म्हटलं आहे. त्यामुळे ‘कंपनीवाले ग्रुपच्या सहलीचा खर्च करतील’ हे वाक्य मीटिंगमध्ये आलं तर तिथेच थांबवा.

पोर्टेबल सोनोग्राफी मशीन उचलून शिबिरात न्यायची कल्पना कोणाला सुचली तर तीही मोडून काढा. गर्भलिंगनिदान प्रतिबंधक कायद्याखाली मशीन आणि जागा दोन्हींची नोंदणी असते. सुया आणि रक्ताळलेला कापूस नेहमीच्या कचऱ्यात टाकू नका. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांत शिबिरंही येतात.

मग डॉक्टरांच्या घरचे असण्याचा उपयोग काय? मोठ्या रुग्णालयात कुठल्या खिडकीवर काय मिळतं, हे आपल्याला माहीत असतं. ससूनसारख्या सरकारी रुग्णालयाच्या आवारात पेशंटपाशी बसलेल्या गावाकडच्या नातेवाइकाला जेवणाचा डबा देणारे पुष्कळ असतात. कुठला कागद कुठे द्यायचा, हे सांगणारा मात्र मिळत नाही. मोफत उपचारांच्या महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेसाठी आरोग्यमित्राला (योजनेच्या रुग्णालयातल्या मदतनिसाला) गाठायचं, रेशनकार्ड आणि आधार बरोबर ठेवायचं. धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखीव असतात, त्यासाठी तिथल्या समाजसेवकाला भेटायचं. हे शांतपणे समजावून बरोबर चालायला दोन माणसं आठवड्यातून एक सकाळ देऊ शकली, तर दहा शिबिरांपेक्षा ते मोलाचं. फक्त ‘आमच्या मिस्टरांचं नाव सांगा’ हा शॉर्टकट वापरू नका. ओळखीने एकाचं काम होतं आणि रांगेतला दुसरा मागे पडतो.

पालखी

पालख्या नाना पेठ आणि भवानी पेठेत मुक्कामाला असतात तेव्हा केळी आणि बिस्किटं ओसंडून वाहत असतात. पायांच्या फोडांसाठी ड्रेसिंग, तुटलेल्या चपला शिवून देणारा माणूस, बायकांसाठी स्वच्छ संडास हे बघा. ओआरएसची पुडी पेलाभर पाण्यात ढवळून देऊ नका. मोठी पुडी लिटरभर पाण्यासाठी असते, किती पाण्यात घालायची ते पाकिटावरच छापलेलं असतं. रस्ते बंद होतात, त्यामुळे सामान आदल्या रात्रीच पोचवा.

पैसे आणि फोटो

भिशीचे पैसे आणि सेवेचे पैसे एकाच खात्यात, तेही खजिनदारणीच्या स्वतःच्या खात्यात, ही भांडणाची हमखास सुरुवात. संस्था नोंदलेली नसताना लोकांकडून वर्गणी गोळा करायची असेल तर धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते. एखाद्या नोंदणीकृत ट्रस्टबरोबर काम केलंत तर हा व्याप वाचतो. रोख देणगी २,००० रुपयांच्या वर गेली तर प्राप्तिकरातली देणगीची सवलत मिळत नाही, हे देणगीदाराला आधीच सांगा.

बालगृहातल्या मुलांचे चेहरे स्टेटसवर टाकू नका. २०१५ च्या बालन्याय कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे त्यांची ओळख उघड करणं गुन्हा आहे. तसंही, ब्लँकेट घेणाऱ्या आजीने कॅमेऱ्याकडे का बघावं?

ग्रुपच्या आतलं

यावर कोणी बोलत नाही. मिस्टर जितके सिनियर तितकी बाईंची खुर्ची पुढे, हा अलिखित नियम अजून चालतो. सर्जनची बायको ठरवणार आणि रेसिडेंटची (शिकाऊ डॉक्टरची) बायको चहाचे कप उचलणार. ती मुलगी नांदेडहून, लातूरहून लग्न करून आलेली असते. नवरा ड्युटीवर, शहरात ओळखीचं कोणी नाही. तिला ‘अगं, तू नवीन आहेस ना’ म्हणून बाजूला बसवण्याऐवजी एखादं पूर्ण काम तिच्या हाती द्या. महागडी भिशी आणि ठरलेल्या रंगाची पैठणी सक्तीची केलीत तर ती दुसऱ्या महिन्यात गळते आणि मग ‘तरुण मुली येत नाहीत’ अशी तक्रार होते.

मीटिंगला हजेरी कमी झाली की आपण कार्यक्रम वाढवतो. कमी करा. वर्षाला एकच वस्ती आणि एकच विषय घ्या, पण धरून ठेवा. अध्यक्ष बदलताना हारतुरे होतात आणि फोनची वही जुन्या सेक्रेटरीच्या कपाटात राहते. ती वही, बँकेचं पासबुक आणि पाठपुरावा अर्धवट राहिलेल्या पेशंटची यादी त्याच मीटिंगमध्ये नव्या कमिटीकडे द्या. यादीतले पहिले काही फोन जुन्या आणि नव्या सेक्रेटरीने शेजारी बसून करा, म्हणजे पलीकडच्या बाईंना नवा आवाज परका वाटणार नाही.