अप्रेंटिसशिपला जाताय? आधी करार
दहावीची मार्कशीट, फोटो, आधार हे सगळं आईने प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ठेवलंच असेल. नावाचं मात्र स्वतः बघा. आमच्या बडोद्यात शाळेच्या दाखल्यावर आडनाव आधी आणि आधारवर शेवटी, असं हमखास असतं. आयटीआयचा अर्ज भरायच्या आधीच ते जुळवून घ्या.

इलेक्ट्रिशियन ट्रेडची दोन वर्षं होतात. पुढे एक वर्ष अप्रेंटिसशिप, आणि तिथेच मी माती खाल्ली. मकरपुऱ्यातल्या एका कारखान्यात सुपरवायझर म्हणाले, "सोमवारपासून ये, कागद होतील." गेलो. अकरा महिने पॅनल पुसले, मोटारी जोडल्या, मोटार सुरू करायच्या स्टार-डेल्टा स्टार्टरची वायरिंग न बघता करायला लागलो. परीक्षेचा फॉर्म भरायला बसलो तर अप्रेंटिसशिपच्या सरकारी पोर्टलवर कंपनीशी माझा करारच नाही! वर्ष पाण्यात.

म्हणून आधी करार. अप्रेंटिसशिप इंडिया पोर्टलवर तुमची नोंदणी तुम्ही करा, कंपनीला करार टाकायला लावा, त्याचा क्रमांक हातात आल्याशिवाय पक्कड उचलू नका. "होईल रे" म्हणजे करार नव्हे. हजेरी कार्ड म्हणजेही नव्हे. गेटपास तर नव्हेच.

बँक खातं आधारशी जोडा. सरकारच्या अप्रेंटिसशिप प्रोत्साहन योजनेतल्या (NAPS) कंपनीत स्टायपेंडचा 25 टक्के, पण महिन्याला 1500 रुपयांपर्यंतचा वाटा सरकार थेट खात्यात टाकतं. तो येत नसेल तर आधी विचारा: करार नोंदलाय का?

बूट, टेस्टर, पक्कड घ्यालच. टेस्टर पेटला नाही म्हणून लाइन बंद आहे असं समजू नका. टेस्ट लॅम्प आधी चालू सॉकेटवर लावून बघा, मग कामाच्या जागी, मग परत चालू सॉकेटवर. मधेच बल्ब उडाला असेल तर कळणार कसं? याला आळस करणारे मी पाहिलेत, एकाचा अंगठा अजून काळा आहे.

रोजच्या कामाची वही लिहा, सह्या आठवड्याच्या आठवड्याला घ्या. पहिल्या पानावर कराराचा क्रमांक.

मग परीक्षा, मग राष्ट्रीय प्रमाणपत्र. तो परवाना नाही. वायरमनचं परमिट वेगळं, गुजरातेत त्याचा अर्ज गांधीनगरच्या लायसन्सिंग बोर्डाकडे. फी, नकला तेव्हाच्या तेव्हा बघा. सोमवारी बोलावलंय? मग शुक्रवारीच फोन करून करार क्रमांक मागा.