लुआतलं टेबल रिकामं होईना

लुआ या प्रोग्रॅमिंग भाषेत टेबलात (नोंदी ठेवायची तिथली रचना) ठेवलेली स्कोअरची यादी दर फेरीला रिकामी करायची, एवढंच काम. फंक्शनमध्ये टेबलाला सरळ नवं रिकामं टेबल दिलं. तिथेच प्रिंट केलं तर रिकामं, बाहेर पाहिलं तर जुने दहाच्या दहा आकडे जसेच्या तसे! अर्धी दुपार गेली.

भानगड अशी, की लुआत व्हेरिएबलमध्ये टेबल नसतं, टेबलाचा पत्ता असतो. मी फंक्शनमधल्या नावाला नवा पत्ता चिकटवला. बाहेरचं नाव जुन्याच टेबलाकडे बोट दाखवत राहिलं.

मग आयपेअर्सच्या, म्हणजे १, २, ३ अशा क्रमांकांनी फिरणाऱ्या, लूपमध्ये टेबल डॉट रिमूव्ह हे नोंद काढणारं फंक्शन वापरलं. दहापैकी पाच उरले. एक काढला की मागचे पुढे सरकतात, लूप मात्र पुढच्या क्रमांकावर जातो, म्हणून एकाआड एक सुटतो. (हे मला ठाऊक होतं, तरी केलं.)

शेवटी पेअर्सने, म्हणजे सगळ्याच नोंदींवरून, फिरून प्रत्येक कीला (नोंदीचा क्रमांक किंवा नाव) निल, म्हणजे ‘काहीच नाही’, दिलं. फिरता फिरता असलेल्या कीला निल देणं लुआला चालतं, नवी की घालणं मात्र नाही. आयपेअर्स इथेही नको, नावाच्या की त्याला दिसतच नाहीत.