उबुंटू बदललं आणि बिल्ड अडकला: नव्याने कामाला लागणाऱ्यांसाठी

जळगावातल्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत लागून मला तेव्हा चार महिने झाले होते. आमचं काम वजनकाट्याचं. केळीचा ट्रक काट्यावर चढला की इंडिकेटरवरचा आकडा संगणकात घ्यायचा, पावती काढायची, नोंद सर्व्हरला पाठवायची. सगळं उबुंटू २०.०४ या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालायचं. मे २०२५ मध्ये त्या आवृत्तीचा नियमित सपोर्ट संपत होता, म्हणून २४.०४ वर जायचं ठरलं. थेट जाता येत नाही, मध्ये २२.०४ चा टप्पा घ्यावाच लागतो. रात्रीतून दोन्ही अपग्रेड झाले. सकाळी बिल्ड चालवला, म्हणजे कोडपासून प्रोग्रॅम तयार करायला घेतला, तर स्क्रीनभर एरर.

मी सगळ्यात खालची ओळ उचलली आणि इंटरनेटवर शोधत बसलो. खाली असतं फक्त ‘मेक: एरर २’. मेक म्हणजे बिल्ड चालवणारं साधन. त्या ओळीचा अर्थ एवढाच, की वर कुठेतरी काहीतरी बिघडलं. दोन तास गेल्यावर शेजारी बसणारे पारोळ्याचे दादा स्क्रीनकडे बघून म्हणाले, “भो, आधी वरनं वाच.”

वरची ओळ म्हणत होती ‘नो रूल टू मेक टार्गेट’ आणि पुढे एका लायब्ररीचा, म्हणजे आयत्या कोडच्या संचाचा, जुना पत्ता. सीमेक हे बिल्डची मांडणी करणारं साधन पहिल्यांदा चालतं तेव्हा कुठली लायब्ररी कुठे सापडली हे बिल्ड फोल्डरमधल्या कॅश फाइलमध्ये लिहून ठेवतं. अपग्रेडने लायब्ररी बदलली, पण कॅशमध्ये पत्ता जुनाच राहिला. बिल्ड फोल्डर बाजूला ठेवून सीमेक नव्याने चालवलं, तेवढ्याने तो एरर गेला. अपग्रेडनंतर सुरुवात इथूनच करा. जुन्या बिल्ड फोल्डरवर काढलेला कुठलाही निष्कर्ष भरवशाचा नसतो.

मग खरे एरर दिसू लागले. ‘यूइंट३२_टी डज नॉट नेम अ टाइप’. आमचा कोड वर्षभरात कोणी बदलला नव्हता, मग यूइंट३२_टी हा आकड्याचा प्रकार आता कंपायलरच्या ओळखीचा का नाही? आमचा कंपायलर, म्हणजे कोडचं मशीनच्या भाषेत रूपांतर करणारा प्रोग्रॅम, जीसीसी. २०.०४ मध्ये जीसीसी ९ होता, २४.०४ मध्ये जीसीसी १३ आहे. हेडर म्हणजे प्रकार आणि फंक्शनं यांची ओळख देणारी फाइल. जुन्या जीसीसीमध्ये स्ट्रिंगसारखी काही हेडरं घेतली की त्यांच्या पोटातून ‘सीस्टडिंट’ हे हेडर आपोआप यायचं. जीसीसी १३ मध्ये अशी आतली हेडरं कमी केली गेली. म्हणजे चूक आमच्याच कोडमध्ये होती. जे लागतं ते आम्ही मागितलंच नव्हतं, फुकट मिळत होतं म्हणून चाललं. आणि एररच्या खालच्याच नोटमध्ये कंपायलरने लिहिलं होतं, की हे अमुक हेडरमध्ये आहे, ते घ्यायचं राहिलं का? एक ओळ घातली आणि शंभरावर एरर एकदम गेले.

जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेतून आलेल्या माझ्यासारख्यांना हे मुद्दाम सांगतो. इंग्रजी एररची भीती वाटते, म्हणून आपण न वाचता कॉपी करतो. पण त्यातले शब्द मोजकेच असतात आणि पुन्हा पुन्हा तेच येतात. तक्रार कोण करतंय ते आधी ओळखा. ‘नो सच फाइल’ आणि पुढे हेडरचं नाव, तर बहुतेक वेळा त्या लायब्ररीचं डेव्ह पॅकेज, ज्यात तिची हेडरं येतात ते, बसवलेलं नाही. ‘अनडिफाइंड रेफरन्स’ म्हणजे कंपाइल झालं, पण तुकडे जोडणाऱ्या लिंकरला फंक्शन सापडलं नाही. ‘मल्टिपल डेफिनिशन’ म्हणजे एकच गोष्ट दोन ठिकाणी आहे. हे तिसरं आम्हाला सी भाषेतल्या जुन्या ड्रायव्हरमध्ये भेटलं. एक ग्लोबल व्हेरिएबल हेडरमध्येच लिहिलं होतं आणि ते हेडर दोन फाइल घेत होत्या. जीसीसी ९ दोन्हींना एक मानायचा, जीसीसी १० पासून तसं आपोआप होत नाही. एक फ्लॅग, म्हणजे कमांडसोबतचा पर्याय, देऊन जुनी सवय परत आणता येते, पण आम्ही हेडरमध्ये एक्स्टर्न (‘हे दुसरीकडे आहे’ असं सांगणारा शब्द) लिहून व्हेरिएबल एकाच फाइलमध्ये ठेवलं.

पायथनचं थोडक्यात सांगतो. ३.८ वरून ३.१२ झाला की जुनं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट, म्हणजे प्रोजेक्टच्या पॅकेजांचं वेगळं फोल्डर, दुरुस्त करत बसू नका, पुसून नवं करा. ३.१२ मध्ये डिस्टयूटिल्स हे पॅकेजं बांधायचं जुनं मॉड्यूल काढून टाकलंय, ते वापरणारी स्क्रिप्ट बदलावीच लागते. आणि पिप, म्हणजे पायथनची पॅकेजं बसवणारं साधन, सिस्टिममध्ये पॅकेज टाकायला नकार देत असेल, तर जबरदस्तीचा फ्लॅग लावू नका.

जबरदस्ती काय करते ते मी रावेरला पाहिलं. आमच्या प्रोग्रॅमचा एक भाग आधीच बिल्ड करून ठेवलेला होता, तो ओपनएसएसएल १.१ ही सुरक्षित जोडणीची लायब्ररी मागायचा. २२.०४ पासून उबुंटूमध्ये ओपनएसएसएल ३ आहे. मी कुठल्याशा साइटवरून जुनी लायब्ररी उतरवून माझ्या मशीनवर बसवली. प्रोग्रॅम चालला, आणि मी कोणाला काही सांगितलं नाही. आठवड्याने रावेरच्या काट्यावर २४.०४ चं नवं मशीन लागलं. तिथे ती लायब्ररी नव्हती, प्रोग्रॅम सुरूच होईना. मी भुसावळमार्गे रेल्वेने पोचलो तेव्हा बारा वाजून गेले होते. उन्हात ट्रक रांगेत उभे होते आणि काट्यावरचे काका वहीत हाताने वजनं लिहीत होते. कापलेला घड उन्हात थांबत नाही, हे केळीवाल्यांच्या घरात वाढलेल्या मला कोणी सांगायची गरज नव्हती. काका रागावले नाहीत, “लवकर कर बेटा” एवढंच म्हणाले.

दादांनी फोनवर विचारलं तेव्हा मी खरं सांगितलं. त्या भागाचा सोर्स त्यांच्या जुन्या बॅकअपमध्ये निघाला. ओपनएसएसएल ३ वर तो बिल्ड करायला अर्धा तासही लागला नाही. जुनी फंक्शनं सोडा अशा वॉर्निंग आल्या, त्या नंतर एकेक करून मिटवल्या.

आता अपग्रेडच्या आधी मी कंपायलर, पायथन आणि ओपनएसएसएल यांच्या आवृत्त्या वहीत लिहितो. बाहेरच्या रिपॉझिटरी, म्हणजे उबुंटूबाहेरून पॅकेजं जिथून येतात ती ठिकाणं, त्याही लिहितो, कारण अपग्रेड त्या बंद करतं. मग डॉकर या साधनात नव्या उबुंटूचा रिकामा कंटेनर, म्हणजे मशीनमधलीच वेगळी बंदिस्त जागा, उघडून कोड तिथे शून्यापासून बिल्ड करतो. कंटेनर ज्यातून बनतो ती मूळ इमेज तीसेक एमबीची असते, गावाकडच्या मोबाइल डेटावरही उतरते. रिकाम्या कंटेनरमध्ये माझ्या मशीनवरचं काहीच नसतं, म्हणून काय काय लागतं ते सगळं तिथे मागावं लागतं. तिथे बिल्ड झाला, की मगच काट्यावरच्या मशीनला हात लावतो, तोही ट्रक यायच्या आत.