चौकोन आखायची घाई नको: संकरणाची गणितं हमखास कुठे चुकतात

पनेट चौकोन म्हणजे आई-बापाची जनुकं कडेला लिहून संततीच्या शक्यता काढायचा तक्ता. तो आखायला चार रेघा पुरतात, म्हणून प्रत्येकाला तो आधी आखायचा असतो. दहावी-बारावीच्या वह्या, नीटच्या सराव चाचण्या, अधूनमधून लग्न जमवणाऱ्यांचे नि पक्षी पाळणाऱ्यांचे प्रश्न, हे सगळं तपासताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. चौकोनाच्या आत सहसा कुणी चुकत नाही, तिथे फक्त अक्षराला अक्षर जोडायचं असतं. चूक असते ती चौकोनाच्या कडेला जे लिहिलं त्यात, नाहीतर भरलेल्या चौकोनाचा जो अर्थ काढला त्यात.

युग्मकात जोडी लिहिणं

गोल-सुरकुतलेला आणि पिवळा-हिरवा अशा दोन्ही गुणांसाठी संकरित असलेलं वाटाण्याचं झाड घ्या. त्याची युग्मकं (नर-मादी बीजपेशी) लिहायला सांगितली की निम्मा वर्ग एका बाजूला गोल-सुरकुतलेल्याची जोडी आणि दुसऱ्या बाजूला पिवळ्या-हिरव्याची जोडी लिहून मोकळा होतो. मग त्या चौकोनातून जे काही बाहेर पडतं ते वाटाणा नसतं, हे नक्की.

युग्मकात प्रत्येक जोडीतलं एकच जनुक जातं आणि प्रत्येक गुणाचं एक तरी जातंच. कच्च्या कागदावर मी मोठी आणि लहान इंग्रजी अक्षरं वापरत नाही. एस, सी, पी, व्ही यांची मोठी आणि लहान रूपं घाईच्या हस्ताक्षरात सारखीच दिसतात आणि तिसऱ्या ओळीत घोळ होतो. मी सरळ गो, सु, पि, हि असं लिहितो. मग या झाडाची युग्मकं चार: गोपि, गोहि, सुपि, सुहि. ‘गोसु’ लिहिलेलं दिसलं की डोळ्याला लगेच खटकतं. उत्तरपत्रिकेत बोर्डाला हवं तसं लिहा, माझी हरकत नाही.

इथेच क्लासवाल्यांचा तो लाडका शॉर्टकट येतो: दोनचा एनवा घात. यातला एन म्हणजे गुणांची संख्या नव्हे, विषमयुग्मी, म्हणजे दोन वेगळी जनुकं असलेल्या संकरित जोड्यांची संख्या. शुद्ध गोल पण पिवळ्या-हिरव्यासाठी संकरित असलेलं झाड दोनच प्रकारची युग्मकं देतं, चार नाही. सूत्र पाठ असलेली मुलं इथे हटकून आपटतात. ज्यांना सूत्र माहीत नसतं ती बोटांवर मोजून बरोबर येतात.

सोळा घरांचा चौकोन तर मी आखूच देत नाही. एकेका गुणाचं वेगळं काढायचं आणि गुणाकार करायचा. गोल आणि पिवळा हे प्रभावी, म्हणजे एकच जनुक असलं तरी दिसणारे गुण. दोन्हीसाठी संकरित झाड स्वतःशीच फळवलं तर गोल येण्याची शक्यता 3/4, पिवळा येण्याची 3/4, दोन्ही मिळून 9/16. आनुवंशिकतेचे नियम शोधणाऱ्या मेंडेलला वाटाण्याच्या 556 दाण्यांत गोल-पिवळे 315 मिळाले होते. 556 चे 9/16 करून बघा, 313 च्या आसपास येतात. अर्थात हा गुणाकार दोन्ही जनुकं एकमेकांपासून स्वतंत्र वाटली जात असतील तरच चालतो. बेटसन आणि पनेट या शास्त्रज्ञांनी स्वीट पी या फुलझाडात फुलाचा रंग आणि परागकणाचा आकार एकत्र पाहिले, तेव्हा 9:3:3:1 हे चार प्रकारच्या संततीचं अपेक्षित गुणोत्तर आलंच नाही, कारण ती जनुकं एकाच गुणसूत्रावर एकमेकांच्या जवळ होती. चौकोन ज्याच्या नावाचा, त्याच्याच झाडांनी तो मानला नाही! प्रश्नात सहलग्नता (जनुकं अशी एकत्र जाणं) हा शब्द दिसला की गुणाकार थांबवा.

3:1 म्हणजे वाटणी नव्हे

संकरित जोडीच्या संततीत तीनास एक असं गुणोत्तर येतं, पण ते घरातल्या मुलांची वाटणी समजणं ही चूक. परीक्षेत ती एक-दोन गुणांची असते, घरात फार मोठी होते. आई-वडील दोघंही सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे वाहक (सदोष जनुक एकच, म्हणून स्वतः आजारी नाहीत), पहिलं मूल आजारी. तेवढ्यात कुणीतरी सांगतं, “चारात एक असतं, ते होऊन गेलं, आता पुढचे तिघं सुखरूप.” गडचिरोली-नंदुरबारकडे, जिथे हा आजार घराघरांत माहीत आहे, तिथेही हे वाक्य ऐकू येतं. शिकलेली माणसं ते जास्त ठामपणे बोलतात.

दर गर्भधारणेला तोच चौकोन पहिल्यापासून लागू होतो. आधी काय झालं ते त्याला ठाऊक नसतं. वाहक जोडप्यांच्या चार-चार मुलांच्या कुटुंबांचा हिशेब केला, तर नेमकं एकच मूल आजारी असलेली कुटुंबं निम्मीही भरत नाहीत, साधारण 42 टक्के येतात. सुमारे 32 टक्क्यांत एकही आजारी नसतं. उरलेल्यांत दोन, तीन, क्वचित चारही.

पाठ्यपुस्तकातला 3:1 इतका गुळगुळीत दिसतो की मुलांना तो निसर्गाचा कायदाच वाटतो. मेंडेलने 1866 च्या निबंधात सगळ्या झाडांची बेरीज दिली आहे, 5474 गोल आणि 1850 सुरकुतलेले. त्याच निबंधात त्याने एकेका झाडाचे आकडेही प्रामाणिकपणे दिले आहेत. एका झाडावर 43 गोल आणि फक्त 2 सुरकुतलेले. दुसऱ्यावर 14 गोल आणि 15 सुरकुतलेले. हजारोंच्या बेरजेत 3:1 दिसतो, एका झाडावर काहीही दिसू शकतं. आणि माणसाचं घर म्हणजे दोन-तीन दाण्यांचीच शेंग.

जे घर बाद झालं ते न खोडणं

ही माझी सगळ्यात आवडती चूक, कारण हुशार माणसंच ती करतात. पूर्व विदर्भातल्या एका लग्नाच्या बैठकीतली गोष्ट. मुलाची बहीण सिकलसेलची रुग्ण, म्हणजे एसएस, दोन्ही जनुकं सदोष. आई-वडील दोघं एएस, म्हणजे वाहक. मुलगा ठणठणीत, पण त्याची तपासणी झालेली नव्हती. मुलगी तपासून एएस निघालेली. मुलाच्या मामांनी पत्रिकेच्या पाठकोऱ्या बाजूला चौकोन आखला नि जाहीर केलं: “चारातली दोन घरं वाहकाची, म्हणजे आपला मुलगा वाहक असण्याची शक्यता निम्मी. गुणिले पाव. आठात एक. एवढा धोका कुठे नसतो?”

मी म्हटलं, “मामा, मुलगा समोर बसलाय. त्याला आजार नाही ना?”

“नाही.”

“मग एसएसचं घर खोडा. किती राहिली?”

तीन राहिली. एक एए (दोन्ही जनुकं चांगली), दोन एएस. म्हणजे वाहक असण्याची शक्यता 2/3, आणि मूल आजारी होण्याची सहात एक. मामांना हे काही पटेना. “चौकोनात घरं चारच असतात,” हे ते तीनदा म्हणाले. चौकोन जन्माआधीचा असतो. माणूस समोर निरोगी बसला की त्यातलं एक घर रिकामं झालेलं असतं. मेंडेललाही हेच दिसलं होतं. संकरित झाडांवरच्या गोल दाण्यांपासून त्याने 565 झाडं वाढवली, तर 193 शुद्ध निघाली आणि 372 संकरित, जवळजवळ एकास दोन.

खरं सांगायचं तर त्या बैठकीत 1/8 आणि 1/6 यांत मला फारसा रस नव्हता. जिथे रक्ताची तपासणी होऊ शकते तिथे शक्यता मोजत बसणं हा आळस आहे. सोल्युबिलिटी चाचणी हिमोग्लोबिन एस, म्हणजे सिकलसेलचं हिमोग्लोबिन, आहे की नाही एवढंच सांगते. वाहक की रुग्ण हे कळायला हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करणारी तपासणी, इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी, लागते. मुलाची ती तपासणी झाली, तो एएस निघाला. सहात एक गेलं, चारात एक आलं. पुढचा निर्णय त्या दोघांचा होता, आणि मामांनी निदान तेवढं त्यांच्यावर सोडलं.

थोडक्यात आटपण्यासारख्या

प्रभावी म्हणजे सर्रास आढळणारा, हे डोक्यातून काढा. हाताला सहावं बोट बऱ्याच घराण्यांत प्रभावी गुण म्हणून उतरतं, तरी सहा बोटांची माणसं किती भेटतात? ओ रक्तगट अप्रभावी आहे आणि गल्लोगल्ली सापडतो.

मुलाचा रंगांधळेपणा वडिलांच्या माथी मारू नका. मुलाला वडिलांकडून वाय गुणसूत्र मिळतं, रंगांधळेपणाचं जनुक ज्यावर असतं ते एक्स आईचंच.

पहिल्या पिढीवर दुसऱ्या पिढीचं गुणोत्तर लावू नका. कपाशीच्या संकरित वाणात (ही पहिली पिढी) बीटी जनुक एकाच पालकाकडून आलेलं असेल, तर त्या कपाशीतली सरकी ही पुढची पिढी असते आणि तिच्यातल्या साधारण पाव झाडांत ते जनुक नसतं. घरचं बी धरणाऱ्याने एवढं तरी माहीत करून घ्यावं.

शाळेतल्या प्रात्यक्षिकात निघालेल्या रक्तगटांवरून कुणाच्या आईबापाचा निवाडा करू नका. ओ गटाच्या पालकाला एबी गटाचं मूल होत नाही, हे पुस्तकात ठीक आहे. पण 1952 मध्ये भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत शोधलेला बॉम्बे गट नेहमीच्या चाचणीत ओ दिसतो आणि आत ए किंवा बीचं जनुक लपलेलं असू शकतं. ए आणि बी ज्याच्यावर उभे राहतात तो एच पदार्थच तयार होत नाही म्हणून ते व्यक्त होत नाही, पण मुलांकडे जातं. त्यात शाळेच्या काचपट्टीवर गट चुकीचा वाचला जाणं तर नित्याचंच.

दोन-तीन पिल्लांवर ‘शुद्ध’ ठरवणं

कबुतरवाले यात आघाडीवर. कबुतरात डोक्यावरची शेंडी अप्रभावी असते. साध्या डोक्याचा नर शुद्ध आहे की शेंडीचं जनुक लपवतोय, हे बघायला त्याची जोडी शेंडीवाल्या मादीशी लावायची. इथवर सगळ्यांना येतं. मग तीन पिल्लं साध्या डोक्याची निघाली की ‘शुद्ध’ची पाटी लागते. जनुक लपवणाऱ्या नराचीही तीनच्या तीन पिल्लं साधी निघण्याची शक्यता आठात एक असते. पाच पिल्लांना ती 1/32 होते, सातला 1/128. मी सातच्या खाली शुद्ध म्हणत नाही. शेंडीवाली मादी न शोधता संकरिताशीच जोडी लावली तर आणखी पिल्लं लागतात. मेंडेल काही गुणांसाठी झाडाचं स्वपरागण करून दहा-दहा रोपं बघत असे आणि त्यातही शंभर संकरित झाडांतली पाच-सहा शुद्ध म्हणून सुटून जाऊ शकतात, हे संख्याशास्त्रज्ञ फिशरने 1936 मध्ये दाखवलं. कबुतराच्या एका विणीत दोन अंडी, म्हणजे सात पिल्लांसाठी चार विणी. एवढं सांगितलं की बहुतेकांना दुसरं काम आठवतं.