सोसायटीच्या देखभाल शुल्काची गूगल शीट: कोड न लिहिता तिच्याकडून अधिक काम कसे करून घ्यावे

लहान गृहनिर्माण सोसायट्यांचा हिशेब बहुधा एकाच लांबलचक पानावर ठेवलेला असतो: डावीकडे सदनिका, वर महिने आणि मधल्या चौकटींत खजिनदाराने हाताने भरलेल्या रकमा. कोणी किती भरले हे त्यातून समजते. मात्र ते कोणत्या तारखेला, चेकने की यूपीआयने, असे कोणी विचारले की पासबुक उघडावे लागते. म्हणून फाइलची तीन पाने करावीत. पहिल्यावर सदनिका आणि तिचे मासिक शुल्क, दुसऱ्यावर प्रत्येक भरण्याची स्वतंत्र ओळ आणि तिसऱ्यावर थकबाकी असावी.

दुसरे पान हाताने न लिहिता ‘टूल्स’ मेनूतील ‘क्रिएट अ न्यू फॉर्म’ हा पर्याय निवडून तयार करावे, म्हणजे मोबाइलवरून भरलेला प्रत्येक फॉर्म तारीख-वेळेसह आपोआप तेथे उतरतो. सदनिका क्रमांकाचा प्रश्न मात्र ‘ड्रॉपडाउन’ प्रकारचाच ठेवावा, कारण ‘ए-१०१’ आणि ‘ए १०१’ या शीटच्या दृष्टीने दोन वेगळ्या सदनिका आहेत. आमच्याकडे याच कारणाने नियमित पैसे भरणारे एक गृहस्थ दोन महिने थकबाकीदारांच्या यादीत झळकत होते, आणि त्यांची समजूत घालणे हिशेब दुरुस्त करण्यापेक्षा अवघड गेले.

तिसऱ्या पानावर ‘सम-इफ’ (SUMIF) हे सूत्र वापरावे. त्याला तीन गोष्टी सांगाव्या लागतात: कोठे शोधायचे, काय शोधायचे आणि कशाची बेरीज करायची, म्हणजेच फॉर्मच्या पानावरील सदनिकांचा स्तंभ, या ओळीतील सदनिका आणि रकमांचा स्तंभ. येथे पहिल्या शंभर ओळी न निवडता पूर्ण स्तंभ निवडावेत. फॉर्मच्या पानावरच, उत्तरांशेजारी, सूत्र लिहिण्याचा मोह टाळावा, कारण प्रत्येक नवे उत्तर नवी ओळ घालून येते आणि शेजारचे सूत्र त्या ओळीत आपोआप उतरत नाही. येणे रकमेतून ही बेरीज वजा केली की थकबाकी मिळते.

केवळ थकबाकीदार दिसावेत म्हणून लावलेला फिल्टर आकडे बदलले तरी स्वतःहून ताजा होत नाही. तो काढून पुन्हा लावण्याची कृती ‘एक्स्टेन्शन्स’मधील ‘मॅक्रोज’खाली एकदा रेकॉर्ड करून ठेवता येते, शीट त्या कृतीचा कोड अ‍ॅप्स स्क्रिप्टमध्ये, म्हणजे गूगलच्या कोड लिहिण्याच्या साधनात, स्वतःच लिहिते. ठरावीक चौकटींवरच काम करायचे असल्याने रेकॉर्ड करताना ‘अ‍ॅब्सोल्यूट’ संदर्भ निवडावेत. स्मरणपत्राचे ईमेल पाठवणे मात्र असे रेकॉर्ड होत नाही. त्यासाठी जाणकाराकडून काही ओळी लिहून घ्याव्या लागतात. एखादे तयार अ‍ॅड-ऑन, म्हणजे शीटला जोडायचे बाहेरचे पूरक साधन, त्यासाठी तुमच्या ड्राइव्हमधील सर्व फाइल वाचण्याची परवानगी मागत असेल, तर ते न घेतलेले बरे.

तिसरे पान ‘डेटा’ मेनूतून संरक्षित करावे, म्हणजे सूत्रावर चुकून कोणी आकडा टंकणार नाही. एप्रिलमध्ये नव्या वर्षासाठी फाइलची प्रत काढाल, तेव्हा फॉर्मचीही नवी प्रत तयार होते. त्यामुळे जिन्याजवळ चिकटवलेला फॉर्मचा जुना क्यूआर कोड त्याच दिवशी बदलावा, नाहीतर नव्या वर्षाच्या नोंदी जुन्या फाइलमध्ये जमा होत राहतील.