मुळशी-ताम्हिणीच्या रानवाटांवर सायकल नेताय? या चुका टाळा

दिवाळी सरली की रविवारी पहाटे पुण्याच्या चांदणी चौकात नव्या कोऱ्या एमटीबींची, म्हणजे डोंगरवाटांवरच्या जाड टायरच्या सायकलींची, रांग दिसायला लागते. पिरंगुट, पौड करत मंडळी मुळशीच्या खोऱ्यात शिरतात आणि दुपारी बाराच्या सुमारास त्यांतले दोन-चार जण वाटेच्या कडेला सायकल उलटी करून बसलेले सापडतात. गेली बारा-तेरा वर्षं मी या वाटांवर फिरतोय. थांबून मदत करतो, त्याला काही ना नाही. वैताग एवढाच, की दर वर्षी माणसं नवी आणि चुका त्याच.

पहिली चूक निघण्याआधीच झालेली असते: हवा. टायरच्या कडेला 65 पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) छापलेलं असतं, म्हणून लोक 60 भरून येतात. अहो, ती कमाल मर्यादा आहे, शिफारस नाही. नाक्यावरच्या पंक्चरवाल्याकडे भरली असेल तर विचारूच नका. त्याची पद्धत म्हणजे अंगठ्याने दाबायचं, टणक लागलं की झालं. असा टायर काळ्या दगडावर चेंडूसारखा उडतो आणि मुरमावर पकडच घेत नाही. माझं वजन 72 किलो, टायर सव्वादोन इंची. ट्यूब असेल तर मी पुढे 26, मागे 29 ठेवतो. ट्यूबलेस असेल तर चार-पाच कमी. रिम दगडावर आपटून ट्यूबला शेजारीशेजारी दोन भोकं पडली, तर हवा कमी होती असं समजायचं आणि दोनने वाढवायची. एवढंच शास्त्र. आणि ट्यूबलेस आहे म्हणून निर्धास्त राहू नका. आपल्याकडच्या उन्हात आतलं सीलंट, म्हणजे भोक बुजवणारं द्रावण, दोन-तीन महिन्यांत सुकतं. चाक काढून कानाशी हलवा, पाण्यासारखा आवाज आला नाही तर ते संपलेलं आहे.

दुसरी चूक लहानपणापासूनची. "पुढचा ब्रेक दाबू नकोस, तोंडावर पडशील" हे आपल्या सगळ्यांना शिकवलेलं. त्यामुळे उतारावर नवखा माणूस फक्त मागचा ब्रेक आवळतो, चाक जाम होतं आणि सायकल खरडत खाली जाते. तसं थांबायला वेळ लागतोच, शिवाय वाटेवर एक लांब चर पडतो. ताम्हिणीत वर्षाला सहा हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तुम्ही पाडलेल्या त्या चरातून पहिल्याच पावसात ओढा वाहतो आणि दोन वर्षांत वाटेची घळ होते. ती वाट सायकलवाल्यांची नव्हे. वाडीतल्या माणसांची, त्यांच्या गुरांची आहे. तेव्हा दोन्ही ब्रेक, एकेका बोटाने, वळणाच्या आधी. वळणात शिरल्यावर बोटं सैल. ढुंगण सीटच्या मागे, टाचा खाली, नजर पुढच्या चाकावर नाही तर पंधरा पावलं पुढे. दुसऱ्याची सायकल चालवायला घेतलीत तर उजव्या हाताला कुठला ब्रेक आहे ते सपाटीवर बघून घ्या. सगळ्यांचं सारखं नसतं.

आता माझा खास राग. आवाज आला तरी पेडल मारत राहणं.

या जंगलात कारवीची झुडपं भरपूर. सात वर्षांनी एकदा फुलते आणि वाळते, तेव्हा तिच्या काटक्यांचा वाटेवर खच पडतो. शिवाय लोक घराच्या कुडाच्या भिंतींसाठी ती तोडून नेतात, तिरक्या घावाची टोकं जमिनीतून वर राहतात. ती टायरही फाडतात आणि पोटरीही. फेब्रुवारी-मार्चमध्ये वरून पानगळ झाली की खाली काय आहे ते दिसतही नाही.

अशाच एका फेब्रुवारीत आमच्या सोसायटीतला एक मुलगा बरोबर होता. मला काका म्हणतो. नवी सायकल, नवे बूट, नवा कॅमेरा. धरणाच्या फुगवट्यावरच्या झाडीतून जाताना तो माझ्या तीस-चाळीस पावलं पुढे होता. मागच्या चाकातून खडखड ऐकू आली. मी ओरडलो, "थांब, पेडल मारू नकोस!" तो म्हणाला, "काका, गिअर अडकलाय," आणि उभा राहून आणखी जोरात पेडल मारलं. कट्ट झालं. अंगठ्याएवढी कारवीची काटकी डिरेलरमध्ये, म्हणजे मागच्या चाकापाशी लोंबणाऱ्या गिअर बदलणाऱ्या भागात, शिरली होती. हँगरचे दोन तुकडे, डिरेलर स्पोकमध्ये गुंडाळलेला, दोन स्पोक वाकडे.

डिरेलर ज्या पत्र्याला लटकतो तो हँगर. तो मुद्दाम मऊ ॲल्युमिनियमचा करतात, म्हणजे धक्का बसला तर तो तुटावा, फ्रेम वाचावी. फक्त गोम अशी, की बऱ्याच मॉडेलांचा आकार निराळा. ऐनवेळी दुकानात मिळेलच असं नाही, दुसऱ्याचा बहुधा बसत नाही. म्हणून सायकल घ्याल त्याच दिवशी एक जादा हँगर घ्या आणि तो सीटखालच्या पिशवीत टाका, घरच्या कपाटात नको. याने घेतला नव्हता. पैसे कॅमेऱ्याला लागले होते.

मग चेन तोडून सायकल एक गिअरची करावी लागली. पहिल्यांदा मीच घाई केली. मागच्या चाकावरच्या ज्या चक्रीवर चेन घातली, ती पुढच्या चक्रीच्या सरळ रेषेत नव्हती. दहा पावलांत चेन शेजारच्या मोठ्या चक्रीवर चढली आणि इतकी ताणली गेली, की चाक फिरेना. पुन्हा सगळं सोडलं. या वेळी मागे उभं राहून सरळ रेष बघितली, अर्ध्या बोटाची ढील ठेवली, कडी जोडली. चालली. सपाटीवर चालली, चढावर पोराने ढकलली. वाडीत पोचलो तर एका आजींनी पाणी दिलं, सायकलीकडे बघून किंमत विचारली. त्याने सांगितली. आजी म्हणाल्या, "येवढ्या पैशाची, आन् काटकीनं मोडली व्हय?"

माझी सवय सांगतो. ओळखीचा नसलेला कुठलाही आवाज आला की पाय जागच्या जागी थांबतात. उतरायचं, काटकी हाताने मागे ओढून काढायची, मगच चाक फिरवायचं. आणि सायकल उजव्या कुशीवर पडली असेल तर निघण्यापूर्वी मागून वाकून बघा, डिरेलर सरळ लोंबतोय ना. आत वाकलेला असताना सगळ्यात हलका गिअर टाकलात तर तो थेट स्पोकमध्ये जातो. मग चढावर हातात सायकल आणि तोंडात शिव्या.

बाकीच्या चुका थोडक्यात, कारण त्या सांगून सांगून मी थकलोय.

पुण्यात ऊन पडलं म्हणून ताम्हिणीत वाट सुकली असेल असं धरू नका. झाडीखालच्या दगडावरचं शेवाळ पाऊस थांबल्यावरही कितीतरी आठवडे राहतं. त्यावर ब्रेक नाही, वळण नाही, सरळ सोडायची. मी नोव्हेंबर अर्धा सरेपर्यंत आत जातच नाही.

उन्हाळ्यात धरणाचं पाणी उतरतं आणि काठाला तडे गेलेली सपाट जमीन उघडी पडते. फोटो छान येतात. वरचा पापुद्रा सुकलेला, खाली गाळ. पुढचं चाक रुतलं की तुम्ही हँडलवरून पलीकडे. शिवाय काही ठिकाणी तिथे कुणी पेरलेलंही असतं.

"अंधारबन म्हणजे उतारच आहे" म्हणणाऱ्याने एक तर ती वाट केलेली नाही किंवा सायकल खांद्यावर घेऊन केली आहे. मुळशीतल्या पिंपरी गावाकडून सुरुवात करून पुढे खाली कोकणात, भिऱ्यात उतरलात, तर परत वर कसे येणार याचा हिशेब आधी करा. हा भाग 2013 पासून अभयारण्यात आहे. वनखात्याच्या चौकीवर सायकल नेऊ देतात का ते विचारा. नाही म्हणाले तर नाही.

कुणीतरी मोबाइलवर पाठवलेला ट्रॅक म्हणजे रस्ता नव्हे. ढोरवाटा पाण्यापाशी संपतात, काही कड्यापाशी. वाडीत विचारलं की दोन मिनिटांत कळतं.

देवराईतून सायकल घालायची नाही. वळसा घ्या, नाहीतर उतरून हातात धरा. कुंपणाचं तोंड काट्यांनी बंद केलेलं असेल तर आत गेल्यावर ते काटे परत लावा. तुमच्यामागून कुणाची म्हैस कुणाच्या तरी वालात शिरते आणि पुढच्या रविवारी बोलणी आम्ही खातो.

चेनवर तेलाचा स्प्रे मारताना ब्रेकच्या डिस्कवर फडकं टाका. एकदा तेल लागलं की ब्रेक किंचाळतो, धरत नाही आणि पॅड बहुधा फेकावेच लागतात. परतल्यावर धुलाई केंद्रातला जोराचा फवारा बेअरिंगवर मारू नका. बादली, फडकं आणि जुना दात घासायचा ब्रश घ्या. अर्धा तास लागतो. तेवढा वेळ नसेल तर सायकल मळलेलीच राहू द्या, तिला काही होत नाही.